पहिल्या रविवारची साक्ष

पास्टरसाहेबांनी अमरावतीहून कळवलंय, की मी पोचले की पहिल्याच रविवारी उपासनेत माझी साक्ष ठेवली आहे. पाऊण तास दिलाय. प्रोजेक्टरची सोय आहे, फोटो भरपूर आणा, विशेषतः ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे, म्हणजे मंडळीला उत्तेजन मिळेल, असंही लिहिलंय. बॅग काय, दोन दिवसांत भरून होईल. हा पाऊण तास कशाने भरायचा ते मात्र अजून ठरत नाही.

मी ज्या जहाजावर आहे त्याचं नाव ग्लोबल मर्सी. मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेचं हे रुग्णालय-जहाज ऑगस्ट २०२३ पासून सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनच्या बंदरात सेवेला येतंय. संस्था १९७८ ची. तिची आधीची जहाजं दुसऱ्या कामासाठी बांधलेली, जुनी, दुरुस्त करून घेतलेली. हे मात्र पहिल्यापासून दवाखाना म्हणूनच चीनमध्ये बांधलं. बारा मजले, सहा ऑपरेशन थिएटर, दोनशेच्या आसपास खाटा. फाटलेले ओठ, जबड्यावर वाढत गेलेल्या गाठी, धनुष्यासारखे वाकलेले पाय, भाजून आखडलेले हात आणि माना अशा रोग्यांवर इथं फुकट शस्त्रक्रिया होतात. रक्त लागलं तर जहाजावरचेच लोक देतात. बंदरावरून रोज कामाला येणाऱ्या स्थानिक सहकाऱ्यांना पगार मिळतो. आम्हा स्वयंसेवकांना पगार नाही. उलट राहण्या-जेवण्याचे पैसे दरमहा आपणच भरायचे. हे ऐकल्यावर आमचे हे म्हणाले होते, "आयुष्यभर पगार उशिरा झाला म्हणून ओरडलीस, आता पैसे भरून ड्युटी करणार?"

पैसे थोडे निवृत्तीचे होते, थोडे मंडळीने जमवले. आमच्या महिला मंडळाने उन्हाळाभर पापड, कुरडया, सरगुंडे विकले. एका म्हाताऱ्या बाईने पेन्शनमधले पाचशे रुपये पाकिटात घालून दिले, वर पेन्सिलने लिहिलं होतं, "आफ्रिकेच्या लेकरांसाठी." त्यामुळे साक्ष द्यायला मी नाही म्हणू शकत नाही. ज्यांच्या पैशावर गेले त्यांना हिशेब मागायचा अधिकार आहे. प्रश्न एवढाच, की हिशेबात काय लिहायचं.

मी नर्सिंग शिकले वाशिमच्या मिशन दवाखान्यात. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली अमेरिकेतून आल्या आणि १९३८ मध्ये त्यांनी हा दवाखाना सुरू केला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९९८ चा. मी गेले तेव्हा परदेशी डॉक्टरीणबाईंचा काळ संपला होता, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सिस्टर होत्या आणि त्यांच्या तोंडी गोष्टी होत्या. त्यातली एक गोष्ट फर्लोची. मिशनच्या लोकांना पाच-सात वर्षांनी वर्षभराची रजा मिळायची, तिला फर्लो म्हणायचे. मिस साहेब रजेवर निघाल्या की महिनाभर आधी ट्रंका व्हरांड्यात यायच्या. पडदे, स्टोव्ह, चहाचे कप कुणाकुणाला वाटले जायचे. आणि एक खोकं वेगळं भरलं जायचं, त्यात पितळी समई, नऊवारी लुगडं, बांगड्या, बैलगाडीचं लाकडी खेळणं. हे सगळं तिकडच्या चर्चमध्ये दाखवायला. कारण रजा नावाला असायची. गावोगावच्या चर्चमध्ये उभं राहून आमच्याविषयी बोलायचं, फोटोच्या काचा जादूच्या कंदिलातून भिंतीवर दाखवायच्या आणि पुढच्या पाच वर्षांचा पैसा जमवून यायचं, हे त्या वर्षाचं खरं काम.

तेव्हा आम्ही मुली हसायचो, की बैलगाडीचं खेळणं बघायला अमेरिकेत तिकीट लावत असतील. आता माझ्या बंकवर गारा नावाच्या इथल्या रंगीत कापडाचे तुकडे आहेत, महिला मंडळातल्या प्रत्येकीला एक. हातमागाच्या जाड सुती कापडाचा एक पट्टाही घेतलाय, त्याला इथं कंट्री क्लॉथ म्हणतात. कापसाच्या मुलखातल्या बायका त्याचं सूत बोटांनी चोळून बघतील आणि पीळ कमी पडलाय की बरोबर आहे ते लगेच सांगतील. माझंही खोकं भरतंच आहे.

परतीची बाकीची तयारी रुक्ष आहे. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टमध्ये ठेवलंय. ते नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या घरी गेल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या आहेत, आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला आधी आफ्रिका सांगायची, मग ताप. दोन जोड बूट आणि पावसाळी कोट इथल्या सहकाऱ्यांना दिले. विमानतळ खाडीपलीकडे लुंगीला आहे, तिथं बोटीने जायचं. मग इस्तंबूल, मग मुंबई, मग रात्रीची अमरावती एक्सप्रेस. बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून मुलगी म्हणते, मुंबईहून थेट विमानाने ये. पण मला भुसावळनंतर जाग आली पाहिजे, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर डोळ्यांनी दिसलं पाहिजे, तेव्हा कुठं पोचल्यासारखं वाटेल. मृग लागायच्या आत घरी असेन. इथंही पाऊस तोंडावर आलाय. फ्रीटाऊनला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या तिप्पट-चौपट.

सासूबाईंना यातलं काही लागत नाही. त्यांचा फोन ठरलेला. "कई येशीन वं? वाळून गेली असशीन तिथं. खायाले काय देतेत?" मी सांगते, अंबाडीची भाजी. त्यांना पटत नाही. पण खरंच इथं सावा-सावा म्हणून आंबट पाल्याची भाजी करतात, ती आपल्या अंबाडीच्या घराण्यातलीच. लाल पामतेलात, सुकी मासळी आणि तिखट घालून, भाताबरोबर. आपण ज्वारीच्या कण्या घालून शिजवतो, त्या तेवढ्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मंग गेली कायले एवढ्या दूर?" ह्या प्रश्नाचं उत्तर पाऊण तासात बसेल असं वाटत नाही.

आता त्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंविषयी.

वॉर्डात आम्हाला मोबाईलने फोटो काढायला मनाई आहे. ती नसती तरी मी काढले नसते, का ते एका मुलीवरून सांगते. तिचं नाव, गाव काही सांगणार नाही. पाच-सहा वर्षांची. तीन दगडांच्या चुलीवर पडली होती, दोन वर्षांपूर्वी. जखम भरली, पण भाजलेली कातडी भरताना आकसत जाते आणि जवळचं जे असेल त्याला ओढून घेते. हिची हनुवटी छातीला चिकटली होती. तोंड नीट मिटत नव्हतं, लाळ गळायची, वर बघायचं तर सगळं अंग मागे टाकून बघायची. असे रोगी मी अमरावतीत पाहिलेत. स्टोव्हचे, चुलीचे, दिवाळीच्या फटाक्यांचे. चूल जमिनीवर आणि पोर रांगतं, एवढं एकत्र आलं की वऱ्हाड काय आणि आफ्रिका काय.

सर्जनने मान सोडवली आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावली. लोकांना वाटतं तिथं काम संपलं. नर्सचं काम तिथून सुरू होतं. पाचव्या दिवशी पहिली पट्टी उघडायची. सलाईनने भिजवत भिजवत, कोपऱ्यापासून, कातडी वर उचलली जाणार नाही अशा बेताने. एक थर निघाला की थांबायचं, वास घ्यायचा. गोडसर कुबट वास आला की पोटात गोळा येतो. हिची कातडी धरली होती. कडेला एक रुपयाएवढी जागा काळपट होती, बाकी गुलाबी. आईने तोंड भिंतीकडे केलं होतं. दुभाषा बाईने तिला खांद्याला धरून वळवलं, तेव्हा ती "टेल गॉड टेंकी" एवढंच म्हणाली. इथं सगळे सगळ्याला हेच म्हणतात. कसं काय विचारलं तरी, देवाचे आभार.

पण मांडीची जखम मानेपेक्षा जास्त दुखते. आणि मग ती कॉलर. मान वाकू नये म्हणून प्लास्टिकची कडक कॉलर दिवसरात्र घालायची, नाहीतर लावलेली कातडी पुन्हा आकसते. या बाईसाहेब रात्री कॉलर काढून उशीखाली ठेवायच्या. नाईटच्या सिस्टरने ती शोधायची, परत बांधायची. फिजिओथेरपीवाली तिला डावीकडे मान वळवायला लावायची म्हणून मी डावीकडे उभी राहून हाक मारायचे. दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदा डाव ओळखला आणि डोळे मिटून घेतले. हाक कितीही मारा, डोळे बंद. शेवटी एक केळं डावीकडे फिरवलं तेव्हा वासाने वळली. पुढचे कित्येक महिने तिला ती कॉलर घालायची आहे, मलमाने वण चोळायचा आहे, आणि तिच्या आईला शेतीची कामं सांभाळून हे रोज करायचं आहे. मोठी होत जाईल तशी कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया लागेल.

आधीच्या आणि नंतरच्या फोटोत हे कुठं येतं? आधीच्या फोटोत दैन्य, नंतरच्या फोटोत हसू, मधली सगळी मेहनत गायब. त्यातली निम्मी मेहनत त्या आईची आणि ती पुढं चालूच राहणार. पण फोटो बघणाऱ्याला वाटतं, आमचे पाचशे रुपये गेले आणि पोर बरी झाली.

दुसरं कारण घरचं आहे. माझ्या माहेरी एक फोटो होता, कुठल्याशा मिशन-अहवालातून पुन्हा काढून घेतलेला. दहा-बारा मुली ओळीत उभ्या, डोकी भादरलेली, हातांच्या काड्या, अंगावर एकसारखं कापड. १९०० च्या दुष्काळातला. डावीकडून तिसरी माझी पणजी, असं सांगायचे. अलायन्स मिशनच्या खामगावच्या आश्रमात ती वाढली. फोटोखाली नाव नव्हतं. तिची आई कुठल्या गावची, बाप काय करायचा, बहीण-भाऊ किती, यातलं काही आम्हाला माहीत नाही. पुढे ती उत्तम कांदाभाकर करायची, भांडखोर होती, सुईणपण शिकली, ओव्या म्हणायची आणि चर्चमधल्या पेटीवाल्याला सूर चुकला की सगळ्यांसमक्ष टोकायची. यातलं काही त्या अहवालात गेलं नाही. तिकडे पोचला तो भादरलेल्या डोक्याचा फोटो.

पण हेही खरं, की तो फोटो बघून कुणीतरी पैसे पाठवले, पैशाची ज्वारी आली, आणि ज्वारीवर ती जगली. मी आहे ती त्या फोटोमुळे. म्हणून मिशनच्या त्या पत्रांची आणि अहवालांची नुसती टवाळी करणं मला जमत नाही. शहरातली शिकलेली माणसं करतात, त्यांच्या पणज्या बहुधा दुष्काळात उपाशी नव्हत्या.

अकोल्याला जेनी फुलर नावाची अमेरिकन बाई होती, अलायन्स मिशनची. तिचं 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड' हे पुस्तक १९०० साली निघालं, पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे त्याला. बालविवाह, विधवा, मुरळ्या, संमतिवयाचा कायदा, सगळं आहे. वाचायला घेतलं तेव्हा मी चिडायच्या तयारीनेच बसले होते. पण त्यातलं बरंचसं खरं आहे आणि आपले सुधारक तेच बोलत होते. माझी तक्रार पुस्तकाशी नाही. ते वाचून तिकडच्या बाईच्या मनात वऱ्हाडातली जी बाई उभी राहिली असेल, तिच्याशी आहे. ती फक्त सोसणारी. ती कुणाला टोकत नाही, पेटीवाल्याला तर नाहीच.

आता मी जे सांगेन त्यातून आमच्या मंडळीच्या मनात फ्रीटाऊनची बाई उभी राहणार आहे. अमरावतीच्या त्या चर्चमध्ये सिएरा लिओन बघितलेली मी एकटीच. मी म्हणेन तो देश.

तर मग कुणाविषयी बोलू? मला बोलायचंय माझ्याबरोबर नाईट करणाऱ्या इथल्या सहकारी बाईविषयी. क्रिओ, मेंडे, टेम्ने आणि इंग्रजी अशा चार भाषा बोलते. बाप मुसलमान, आई ख्रिस्ती. घरात ईदही होते आणि नाताळही, आणि इथं त्याचं कुणाला काही वाटत नाही. देशात बहुसंख्य मुसलमान, पण एका घरात दोन धर्म ही रोजची गोष्ट. जहाजावरच्या प्रार्थनेला ती हजर असते आणि तिचा नमाजही चुकत नाही. पहिल्या आठवड्यात मी जरा गोंधळले, हे कबूल करायला हरकत नाही. अचलपूर-परतवाड्याच्या दंग्यांच्या बातम्या वाचत वाढलेलं माणूस गोंधळेल नाहीतर काय.

२०१४ मध्ये इबोला आला तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. ती साथ या देशात जवळजवळ चार हजार माणसं घेऊन गेली, त्यात दोनशेहून जास्त डॉक्टर, नर्स, दवाखान्यातले कर्मचारी. केनेमाच्या दवाखान्यात डॉ. शेख हुमार खान होते, लासा तापाचे तज्ज्ञ. इबोलाच्या रोग्यांवर उपचार करता करता २९ जुलै २०१४ ला ते स्वतः गेले. ती सांगत होती, प्रेताला हात लावायचा नाही, आईला पोराने धुवायचं नाही, हा नियम पाळताना माणसं वेडी व्हायची. नमस्कारालाही हात मिळवायचे नाहीत, कोपर कोपराला लावायचं.

मग मी तिला फेब्रुवारी २०२१ सांगितला. महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट आधी अमरावतीत उठली, २२ फेब्रुवारीपासून शहर आणि अचलपूर बंद झालं. बाकी राज्य अजून लग्नं करत होतं. पीपीई किटमध्ये वऱ्हाडातलं ऊन, पाणी प्यायचं नाही कारण किट काढता येत नाही, घरी गेल्यावर अंगणात आंघोळ आणि वेगळी खोली. तिने ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला किटमध्ये घाम किती यायचा? बुटात पाणी साचायचं का?" मी म्हटलं, साचायचं. "आमच्याही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पहाटे तीन वाजता वॉर्डाच्या दारात तोंड दाबून हसत सुटलो. बुटात साचलेल्या घामावर हसू येणारं माणूस मला अमरावतीतसुद्धा आता फार भेटत नाही. साथी विसरायची घाई झालीय सगळ्यांना.

तिने शिकवलेल्या गोष्टी मोजल्या तर मी शिकवलेल्यांपेक्षा जास्त भरतील. रोगी घाबरला की दुभाषा शोधत न बसता "ओश या" म्हणत बसायचं, म्हणजे अगं बाई, फार झालं ना तुला. सिकलसेलचा रिपोर्ट बघितल्याशिवाय थिएटरला पाठवायचं नाही, ही सवय मात्र मी घरून घेऊन आले होते. मेळघाटात आणि सगळ्या विदर्भात तो आजार आहेच आणि इथंही भरपूर. एकदा तिने विचारलं, तुमच्या देशात असं जहाज आहे का? मी म्हटलं, जहाज नाही, आगगाडी आहे. १९९१ पासून जीवनरेखा एक्सप्रेस रुळांवर फिरते, डब्यातच ऑपरेशन थिएटर, फाटलेले ओठ, मोतीबिंदू, पोलिओचे पाय. तिला आगगाडीत ऑपरेशन ही कल्पना जहाजापेक्षा अजब वाटली.

मंडळीला आणखी एक सांगणं भाग आहे. आपल्याकडे समज असा, की आफ्रिकेत सुवार्ता न्यायची ती आपण. फ्रीटाऊनला चर्च मिशनरी सोसायटीने फुरा बे कॉलेज काढलं १८२७ साली. वऱ्हाडात मिशनचे पाय लागले त्याच्या कितीतरी आधी. पहिल्या विद्यार्थ्यांतला सॅम्युएल क्राउदर गुलामांच्या जहाजावरून सोडवून आणलेला मुलगा. पुढे बिशप झाला, योरुबा भाषेत बायबल नेलं. इथल्या चर्चचं वय आमच्या चर्चपेक्षा जास्त आहे. आणि बाजारात गेलं तर चोइथराम नाव दिसतं. मला वाटायचं ते इंदूरचं, कारण आपल्याकडचे रोगी इंदूरला चोइथराम हॉस्पिटलला जातात. निघालं उलटंच. त्या सिंधी घराण्याने पहिलं दुकान थाटलं ते फ्रीटाऊनला, १९४४ मध्ये. म्हणजे आपल्या बऱ्हाणपूर-अकोल्याचे रोगी ज्या दवाखान्यात जातात त्या नावाचं मूळ भांडवल काही अंशी इथल्या गिऱ्हाइकांनी जमवून दिलेलं. कोण कुणाला देतंय हे वरवर दिसतं तसं नसतं बहुधा.

हे सगळं बोलले तर मंडळीला उत्तेजन मिळेल का, शंका आहे. पास्टरसाहेबांना मी लिहिलं, की फोटो बंदराचे, कापडाचे आणि भाजीचे आणते, रोग्यांचे नाहीत. त्यांचं उत्तर आलं, "पण ताई, मंडळी दान कशाला देईल मग?" माणूस सरळ आहे, प्रश्नही सरळ आहे. छताचं काम अर्धं राहिलंय, वर्गणीचं दुखणं त्यांना ठाऊक. रडवणाऱ्या साक्षीला दानपेटीत जास्त पडतं, हे मीही लहानपणापासून बघत आले.

मला राहून राहून नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेला तो गोरा माणूस आठवतो. १८९३ साली टिळक नाशिकहून राजनांदगावला निघाले होते, गाडी याच आपल्या भुसावळ-बडनेरा-नागपूर मार्गाने गेली असणार. डब्यातल्या त्या माणसाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नवा करार दिला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, टिळकांचा बाप्तिस्मा झाला.  मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातली एवढी मोठी भेट, आणि ती झाली आगगाडीच्या डब्यात. त्या माणसाला तिच्याविषयी बोलायला कुणी पाऊण तास दिला नसावा.

शेवटी मी असं ठरवलंय. साक्ष देईन. पहिली दहा मिनिटं पैशाचा हिशेब, मंडळाने किती दिले, कशाला लागले, किती उरले. मग नाईटच्या त्या बाईविषयी, तिची परवानगी घेतली आहे. तिने अट घातली, की घामाच्या बुटाची गोष्ट सांगायचीच. मग त्या पोरीची कॉलर, नाव-गाव न सांगता, आणि तिच्या आईला पुढचे महिने काय काय करायचं आहे ते. "टेल गॉड टेंकी" सगळ्यांकडून म्हणून घेईन. पोरांना आवडेल.

आणि उरलेली पंधरा मिनिटं मी मेळघाटाला देणार आहे. धारणीजवळ उतावलीला महान ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथं आदिवासींसाठी प्लास्टिक सर्जरीची शिबिरं होतात. भाजून आखडलेले हात, फाटलेले ओठ, अस्वलाने ओरबाडलेले चेहरे. रोगी तेच, जे मी इथं समुद्रावर येऊन बघितले. सर्जन लांबून येतात आणि जातात, पण पट्ट्या उघडायला, कॉलर बांधायला, मान वळवून घ्यायला मागे हात लागतातच. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, तिथंही हाताच्या आणि पायाच्या जखमांचं काम असतं. गेली तीस वर्षं मी अमरावतीत होते. धारणीला गेले ती बहुतेक वेळा निवडणुकीच्या नाहीतर पल्स पोलिओच्या ड्युटीवर.

जून अर्धा झाला की मी दोन्ही ठिकाणी जाऊन विचारणार आहे, की पुढच्या शिबिराला ड्रेसिंगसाठी माणूस हवं आहे का. अमरावती-अकोल्यात माझ्याबरोबरच्या कितीतरी सिस्टर निवृत्त होऊन घरी बसल्या आहेत, हात अजून चांगले चालतात, नाईटची झोप नाहीतरी येत नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी उपासनेनंतर थांबावं, मी वही घेऊन बसेन. ख्रिस्ती असण्याची अट नाही. धारणीची एसटी परतवाडा, सेमाडोह, हरिसालवरून जाते. घाटात उलटीचा त्रास होतो त्यांनी पुढची सीट धरावी.